सूचीसाठी जागा

फेटा नको म्हणणारा माणूस सांगली जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. बोरगावच्या कुस्तीच्या मैदानात संयोजकांनी माझ्या नवऱ्याच्या, धैर्यशीलच्या, डोक्यावरची चार्जिंगची टोपी काढली आणि त्या जागी गुलाबी फेटा बांधायला घेतला, तेव्हा तोही मान ताठ करून गप्प उभा राहिला. मी बायकांच्या बाजूला आमच्या इराला मांडीवर घेऊन बसले होते. उठून ओरडले, "टोपी काढू नका! तिचं काम चालू आहे!" पण हलगी घुमत होती, आणि हलगीपुढं माझा पुणेरी आवाज म्हणजे कुठल्या झाडाचा पाला.

फेट्याचा शेवटचा वेढा बसला. धैर्यशीलनं माईक तोंडाशी नेला. मातीत दोन पैलवान सलामी देऊन उभे होते. आता हा त्यांच्या वस्तादांची नावं घेणार, कुणाच्या चुलत्यानं कुठल्या यात्रेत कुणाला कोणत्या डावावर चीत केलं ते सांगणार. त्याचं निवेदन ऐकायलाच निम्मी माणसं येतात. त्यानं तोंड उघडलं, तसंच मिटलं. मग माईकवरच विचारलं, "हे मैदान कुठलं?"

लोक हसले. गडी गंमत करतोय असं त्यांना वाटलं.

त्याची नजर फिरत फिरत आमच्याकडं आली. माझ्यावरून ती सरळ पुढं गेली. इरानं हात हलवला, तिच्यावरूनही गेली. आणि माझ्या शेजारी बसलेल्या आत्तींवर, म्हणजे त्याच्या आईवर, येऊन थांबली. त्याचा चेहरा एकदम घट्ट झाला.

"हिला इथं कुणी बोलावलंय?" हेही माईकवरच.

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आत्तींनी पदर पुढं ओढला आणि त्या खाली बघत बसल्या. मी इराला त्यांच्या मांडीवर दिलं आणि धावत सुटले.

अकरा वर्षांपूर्वी धैर्यशीलला मेंदूज्वर झाला होता. त्यातून तो वाचला, पण मेंदूतला नवी आठवण धरून ठेवणारा भाग गेला. जुनं सगळं लख्ख आठवायचं; सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी व्हायचा. तेव्हा 'संचय' हे यंत्र नुकतंच आलं होतं. कानामागं कवटीखाली बसणारी एक चकती, त्या गेलेल्या भागाचं काम करणारी. तो तिच्या पहिल्या काही रुग्णांपैकी एक आणि मी तिच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी इंजिनिअर. रुग्णाशी लग्न करतेस म्हणून आईनं माझं डोकं खाल्लं, पण मी कुणाचं ऐकणाऱ्यांतली नव्हते. तर सांगायचं हे, की आजारापूर्वीचं सगळं धैर्यशीलच्या मेंदूत आहे आणि त्यानंतरचं सगळं चकतीत. मी चकतीत आहे. इरा चकतीत आहे.

चकतीत आठवण एका जागी, सलग राहत नाही. जिथं जागा मिळेल तिथं तिचे तुकडे लिहिले जातात आणि कुठला तुकडा कुठं आहे याची एक सूची असते. तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. तुम्ही एखादा फोटो काढून टाकता तेव्हा फोटो कुठंच जात नाही. सूचीतलं त्याचं नाव तेवढं जातं आणि 'ही जागा मोकळी' असं ठरतं. वाचनालयातली कार्डं जळाली तरी पुस्तकं कपाटातच असतात, तसं. धोका पुढं असतो. कपाट मोकळं समजून कुणी त्यात नवी पुस्तकं कोंबली, की जुनी कायमची गेली.

तुकडे फार विखुरले की माणूस अडखळायला लागतो. म्हणून 'आवराआवर' नावाचा प्रोग्राम दर आठवड्याला तुकडे जवळजवळ आणतो, जुनी सूची खोडतो आणि नवी लिहितो. त्यासाठी लागणारी वीज टोपीतून चकतीला मिळते; तेवढा वेळ टोपी काढायची नाही, हा एकच नियम. आदल्या दिवशी गावात वीज नव्हती, म्हणून आवराआवर राहून गेली होती आणि धैर्यशील टोपी घालूनच मैदानात उतरला होता. जुनी सूची खोडून झाली, नवी लिहायला सुरुवात झाली, आणि गावानं त्याचा सत्कार केला.

मी मैदानातच टॅबलेट काढून चकतीला कुलूप घातलं. फक्त वाचायचं, लिहायचं नाही. त्या क्षणापासून तो जे बघेल ते दोन-चार मिनिटांत विरून जाणार होतं. पण निदान इराच्या पहिल्या पावलावर कुणा पाहुण्याच्या शर्टाचा रंग लिहिला जाणार नव्हता.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नाझनीन मुजावर वाट बघत उभ्याच होत्या. चकती त्यांनीच बसवली होती.

"कुलूप किती वेळ चालेल?" मी विचारलं.

"दिवस मावळेपर्यंत, तेही नशीब असेल तर," त्या म्हणाल्या. "मेंदू लिहायला मागतच राहतो, केतकी. लिहायचं दाराशी साठत जातं. ते उतू गेलं की झटके येतील, आणि या झटक्यांतून परत आलेला रुग्ण मी पाहिलेला नाही. त्याआधी कुलूप काढावंच लागेल. सूची नसताना काढलं तर..."

"तर सगळंच मोकळं समजून तो वरून लिहीत सुटेल. माहितेय मला."

मी खोलीत गेले. धैर्यशील पलंगावर बसला होता. मला बघून त्यानं शर्टाचं बटण लावलं, परक्या बाईसमोर लावतात तसं.

"मॅडम, तुम्ही कंपनीकडनं का?"

"हो," मी म्हणाले.

"फार वेळ लागंल का?"

"नाही. बसा तुम्ही निवांत."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "मॅडम, तुम्ही कंपनीकडनं का?" आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यानं हेच विचारलं होतं, याच आवाजात. मी तारा जोडता जोडता दर वेळी हो म्हणत राहिले. पाचव्या-सहाव्या वेळी मला इतका राग आला की वाटलं गदागदा हलवावं याला. कुणाचा राग, तेही कळत नव्हतं.

'वेचणी' हा आमचा दुरुस्तीचा प्रोग्राम मी सुरू केला. बेवारस तुकडे एकेक करून उचलायचे, कुठला कुणाशी जुळतो ते बघायचं आणि जुळलेल्यांचे गठ्ठे बांधायचे, हे त्याचं काम. हे सगळं बाहेर कॉम्प्युटरवर काढून सावकाश करता येत नाही. तुकडा ज्या जिवंत पेशींच्या आधारानं लिहिलेला असतो त्यांच्यापासून तोडला की तो नुसता आकड्यांचा भुसा होतो. जे करायचं ते त्याच्या डोक्यातच. आणि वेचणी गोगलगाईसारखी चालली होती, कारण कुठला तुकडा कशाचा हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

तोवर बाहेर पाहुणे जमले होते. आमच्याकडं माणूस दवाखान्यात गेला की घरी जेवण शिजत नाही, आधी भेटून यायचं असतं. शहाळी घेऊन धैर्यशीलचे मामा आले, पेरू घेऊन मावश्या आल्या, आणि दाराची चौकट भरून टाकणारे पैलवान आले. आत शिरायचं, पलंगाजवळ वाकायचं आणि विचारायचं, "वळखलंस का मला?" अर्धांगवायू झालेल्यालाही विचारतात, बाळंतिणीलाही विचारतात. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुणीही आत जायचं नाही. त्यांना त्रास होतोय."

"अगं, बघून तर येतो," असं म्हणत मामा माझ्या हाताखालून आत सटकले. वय सत्तरीचं, पण अंगात अजून पैलवानकी. मी मागं धावेपर्यंत ते पलंगावर वाकले होते. "धैर्यशीलराव! वळखलंसा का?"

"मामा, तुम्हाला न वळखायला काय झालं?" धैर्यशील म्हणाला. "केस कवा पांढरं केलं?"

मी मामांना ओढायला हात पुढं केला आणि टॅबलेटवर नजर गेली. वेचणी उसळली होती. इतका वेळ सुटे पडलेले तुकडे एकमेकांकडं धावत होते; मामांचं घर, मामांच्या नातवाचं बारसं, मामांची भांडणं, असंच काही त्यांत असणार. मी हात मागं घेतला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. प्रश्न विचारणं म्हणजे लिहिणं नव्हे, वाचायला लावणं. चकती त्या माणसाला आत शोधायला निघते आणि त्याचे तुकडे थरारतात. एरवी उत्तराबरोबर नवं काही तरी लिहिलं गेलं असतं. पण आता कुलूप होतं.

"मामा," मी म्हणाले, "सगळ्यांना रांगेत उभं करा. एकेकानं आत यायचं आणि तेवढंच विचारायचं."

"आता परवानगी व्हय?" मामा म्हणाले. "पुण्याच्या माणसांचं काय कळंना बाबा."

रांग लागली. पैलवान आले, मावश्या आल्या, बोरगावचा हलगीवाला आला. गठ्ठे बांधले जात होते. शेवटी इरा आत गेली. तिला मी सांगितलं होतं की बाबांना बरं नाहीये, ते वेड्यासारखं बोलतील. ती पलंगावर चढून बसली आणि म्हणाली, "बाबा, मी कोण?"

धैर्यशील अवघडून हसला. "कुणाची गं तू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही, पण तिनं चादरीचं टोक मुठीत धरलं. आणि त्याच वेळी टॅबलेटवर तुकड्यांची झुंबड उडाली. त्याचं तोंड तिला ओळखत नव्हतं, पण आतला एकेक तुकडा ओळखत होता. मी इराच्या शेजारी बसले, बोलत राहिले, आमच्या घराचं, शाळेचं, तिच्या पडलेल्या दातांचं. घराचा गठ्ठा पूर्ण बांधला गेला.

एकच माणूस आत आलं नव्हतं. आत्ती बाकावर बसून होत्या.

त्याचं कारण सगळ्या भावकीला ठाऊक आहे. धैर्यशील तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होता. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती होती त्या सकाळी त्याचे वडील गेले. आत्तींनी निरोप पाठवला नाही. तो कुस्ती मारून, गदा खांद्यावर घेऊन गावात आला तेव्हा चिता विझली होती. त्यानं गदा अंगणात टाकली, कुस्तीच्या लांघ्या जाळल्या आणि आईशी बोलणं तोडलं. आजारी पडला तेव्हाही ते तुटलेलंच होतं. चकती बसल्यावर महिनोन्‌महिने आत्तींनी त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शिव्या खाल्ल्या. एक दिवस मी तारा तपासायला गेले होते, तेव्हा त्यानं त्यांच्याकडं ताक मागून घेतलं आणि पेला परत देताना म्हणाला, "आई, बाबांचं जाऊ दे आता." आत्ती तो पेला हातात धरून किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या.

म्हणजे राग मेंदूत होता आणि माफी चकतीत.

"मी फुडं गेले तर त्यो बिथरंल," आत्ती म्हणाल्या. "मागं उभी ऱ्हाऊ का? नुसता आवाज चालंल?"

त्या पलंगाच्या डोक्याशी, त्याला दिसणार नाही अशा उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "धैऱ्या, जेवलास का?" धैर्यशीलच्या कपाळावर आठी चढली. टॅबलेटवर आईचा गठ्ठा इतक्या झपाट्यानं बांधला गेला की तसा दुसरा कुठलाच बांधला गेला नव्हता.

आता सूची लिहायची. मी आज्ञा दिली आणि पडद्यावर लाल पट्टी आली: जागा नाही.

जुन्या सूचीची जागा टोपी निघाली तेव्हाच्या विजेच्या झटक्यात जळून गेली होती. नव्या सूचीला सलग, मोकळी जागा हवी होती आणि अकरा वर्षांत चकती काठोकाठ भरली होती. जागा करायची तर एखादा गठ्ठा सोडून द्यावा लागणार. तोही अख्खा. अर्धा सोडला की सूची जे नाही त्याकडं बोट दाखवत राहते, माणूस रात्रंदिवस काही तरी शोधत फिरतो आणि वेडा होतो. वेचणीनं पूर्ण बांधलेले आणि पुरेसे मोठे गठ्ठे दोनच होते. घर आणि आई.

"केतकी," डॉ. मुजावर म्हणाल्या. धैर्यशीलच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली होती. "आता वेळ नाही."

मी टॅबलेट धरून बाहेर आले. आत्तींनी विचारलं, मी सांगितलं. इतक्या सोप्या शब्दांत मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग त्यात इचार कसला?" आत्ती म्हणाल्या. "माझं सोड."

"आत्ती, तुम्हाला कळतंय का? घराच्या आठवणींत तुम्ही कडेकडेनं दिसाल त्याला. पण माफ केलेलं सगळं जाईल. तो पुन्हा गदा घेऊन अंगणात उभा असेल."

"मला त्यो वळखंल का न्हाय? आई म्हणून?"

"ओळखेल. त्या गदेवाल्या दिवसापर्यंतची आई."

"आन्‌ तुला? पोरीला?"

मी मानेनं हो म्हटलं.

"मग झालं तर."

"त्याला विचारायला हवं," मी म्हणाले. "पुन्हा त्याला न विचारता तुम्ही..." आणि माझी जीभ अडखळली. आत बसलेल्या धैर्यशीलला विचारलं असतं तर त्यानं एका क्षणात हो म्हटलं असतं. आईचं काहीही ठेवायला तो तयार नव्हता. ते त्याचं उत्तर म्हणायचं का?

आत्ती सावकाश बोलल्या. "समदी म्हंत्यात, मालकांनी मरताना सांगितलं हुतं, पोराला कळवू नका. खोटं हाय त्ये. त्यांनी पोराचंच नाव घेतलं हुतं. मीच ठरवलं. म्हटलं, जिंकून येऊं दे. चुकलं माझं. आता बी चुकत असंल. पर त्या लेकराला बापानं 'कुणाची गं तू' इचारलं, ते मी दारातनं ऐकलं. म्या न्हाई ऐकून घ्यायची दुसऱ्यांदा."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान आणखी एकदा तरी. पण मला माझा नवरा हवा होता, इराला तिचा बाप हवा होता, आणि कुणी तरी वाट मोकळी करून दिली होती. मला आत्तींची दया आली आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. ते दोन्ही खरं आहे.

आत धैर्यशीलचा खांदा हिसके द्यायला लागला होता. डॉक्टरांनी त्याला आडवं केलं, दोन नर्सनी पाय धरले. पडद्यावर प्रश्न होता: 'आई' हा गठ्ठा मोकळा करायचा? मी आत्तींकडं वळून बघितलं. त्या दारात उभ्या होत्या आणि त्याच्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. मी 'हो' दाबलं.

सूची लिहायला सुरुवात झाली. त्याचे डोळे वर गेले, दात आवळले गेले. डॉक्टरांनी सुई टोचली. लिहिणारी पट्टी मध्येच थांबली, पुन्हा सरकली. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण त्या वेळी येतील तेवढी सगळी घेतली. पट्टी शेवटाला टेकली. मी कुलूप काढलं आणि त्याचं अंग सैल पडलं.

काही वेळानं त्यानं डोळे उघडले. वर छताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"केतकी, तू जेवलीस का गं? तोंड बघ कसं झालंय."

इरानं सरळ त्याच्या छातीवर उडी मारली आणि त्यानं "अगं हळू, बरगड्या मोडशील" म्हणत तिला कवेत घेतलं. तिचा कुठला दात हलतोय हेही त्यानं विचारलं. मी रडत होते, हसत होते, डॉ. मुजावर चष्मा पुसत होत्या.

मग इराच्या डोक्यावरून त्याला दारातल्या आत्ती दिसल्या.

"केतकी," तो हळू आवाजात म्हणाला, "ही आपल्या घरात का राहते?"

मी इराला उचलून खाली घेतलं.

"ती आपल्या घरात दिसते मला. स्वयंपाकघरात, अंगणात. पण मी कधी हो म्हटलं? बाबांना जाळून मोकळी झालेली बाई, तिला मी घरात कसा घेईन?" त्याचा आवाज चढला. "बाहेर जायला सांग तिला. आत्ताच्या आत्ता!"

आत्ती मागं वळल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. मी त्यांच्यामागं गेले.

"मी सांगते त्याला सगळं. आत्ता सांगते."

"अजाबात न्हाय."

"आत्ती, त्याला कळायला नको?"

"सांगून माया येती व्हय? उपकार वाटत्यात. मग त्यो माझ्याशी नीट बोलंल, पाया बी पडंल, आन्‌ मनात दात-ओठ खाईल. नगं मला." त्यांनी डोळे पुसले. "एकदा भरवलंच की. हाय अजून ताकद हातात."

माझ्या मांडीवरचा टॅबलेट उजळला. चकती पुन्हा लिहायला लागली होती. नव्या सूचीत 'आई' या नावापुढचा कप्पा रिकामा होता. आता तिथं एक ठिपका आला होता.

"काय झालं गं?" आत्तींनी विचारलं.

"लिहिलं गेलं. तुमच्या नावावर पहिला तुकडा पडला."

"काय हाय त्यात?"

"आतलं मला दिसत नाही. पण आत्ताचंच असणार. राग."

आत्तींनी त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग पदर कमरेला खोचून उठल्या.

"असूं दे. कोऱ्यापरीस बरं."

आणि दार ढकलून त्या पुन्हा आत गेल्या. धैर्यशीलचा आवाज बाहेरपर्यंत आला, आणि माझ्या हातातल्या पडद्यावर दुसरा ठिपका पडला.